डेनींची जमीन, सिॲटलची किंमत

२३ मे १८५३ रोजी सिॲटल नावाच्या नव्या वस्तीचे दोन नकाशे सरकारदरबारी दाखल झाले. एक आर्थर डेनी आणि त्यांचा मेहुणा कार्सन बोरेन यांचा, दुसरा डॉक्टर डेव्हिड मेनार्ड यांचा. डेनींनी रस्ते किनाऱ्याला समांतर आखले होते, मेनार्ड यांनी होकायंत्र धरून थेट उत्तर-दक्षिण. कुणीच मागे हटलं नाही. दोन्ही नकाशे जिथे भिडतात तिथे, आजच्या येस्लर वेवर, रस्ते आजही तिरपे जुळतात. सिॲटलचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण हा किस्सा रंगवून सांगतो. मला त्या दिवसाची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या जमिनीचे प्लॉट त्या दिवशी पाडले गेले, ती अमेरिकन सरकारने तिथल्या रहिवाशांकडून अजून घेतलेलीच नव्हती. ज्या तहाने ती घेतली असं म्हणतात तो पॉइंट एलियटचा तह २२ जानेवारी १८५५ रोजी झाला, आणि सिनेटची मंजुरी मिळून तो लागू व्हायला १८५९ साल उजाडलं.

माझं म्हणणं असं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या वाढत्या अमेरिकन गावांत पहिल्या वसाहतकार कुटुंबांच्या हाती जी संपत्ती आली, तिच्यात त्यांच्या दूरदृष्टीचा वाटा थोडा होता. मोठा वाटा होता तो कायद्याने फुकट दिलेल्या जमिनीचा, मागून आलेल्या लोकांमुळे चढलेल्या भावाचा आणि मूळ रहिवाशांना हुसकावून लावण्याचा. म्हणून या शहरांनी आपल्या पहिल्या कुटुंबांचा इतिहास उपकाराच्या भाषेत सांगणं थांबवावं आणि वाढलेल्या किमतीवर हक्क कुणाचा, हा प्रश्न आजच्या व्यवहारात घ्यावा. सिॲटल मी मुद्दाम निवडलं. एकाच कुटुंबाच्या जमिनीचं काय काय होऊ शकतं, ते इथे एकमेकांच्या शेजारी उभं राहून पाहता येतं.

डेनी कुटुंब १८५१ च्या वसंतात इलिनॉयमधल्या चेरी ग्रोव्ह इथून बैलगाड्यांनी निघालं. आर्थर, त्यांची पत्नी मेरी, लहान मुलं, धाकटा भाऊ डेव्हिड, मेरीची भावंडं कार्सन आणि लुईझा. मेरी वाटेत गरोदर होती आणि पोर्टलंडला पोहोचल्यावर बाळंत झाली. १३ नोव्हेंबर १८५१ रोजी ‘एक्झॅक्ट’ नावाच्या जहाजातून ही मंडळी पावसात अल्की पॉइंटच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा आधी येऊन थांबलेल्या डेव्हिडच्या झोपडीला छप्परसुद्धा नव्हतं. हे कष्ट खरे होते आणि ते कुणी नाकारू नयेत. अल्कीचा किनारा उघडा, जहाजाला धार्जिणा नाही, हे लक्षात आल्यावर आर्थर डेनींनी मेरीच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला घोड्याच्या नाला बांधून एलियट उपसागराची खोली मोजली आणि १८५२ च्या फेब्रुवारीत पूर्व किनाऱ्यावर दावे ठोकले. ते इलिनॉयमध्ये सर्व्हेअर होते. मोजलेल्या आणि न मोजलेल्या जमिनीतला फरक त्यांना चांगलाच ठाऊक होता.

दावे ठोकता आले ते १८५० च्या डोनेशन लँड कायद्यामुळे. १ डिसेंबर १८५० पूर्वी ओरेगॉन टेरिटरीत (राज्याचा दर्जा मिळण्यापूर्वीचा प्रदेश, सिॲटल तेव्हा त्यातच होतं) आलेल्या एकट्या पुरुषाला ३२० एकर, जोडप्याला ६४० एकर. त्यानंतर आलेल्यांना याच्या निम्मं. चार वर्षं राहायचं, कसायचं, मग जमीन तुमची. दाम काही नाही. ती मिळणार गोऱ्या माणसांना आणि गोरा बाप असलेल्या मिश्र वंशाच्या अमेरिकनांना. काळ्या माणसाला नाही. ऑलिम्पियाजवळ वसलेला जॉर्ज बुश हा काळा शेतकरी शेजाऱ्यांना दुष्काळात धान्य देऊन जगवणारा माणूस म्हणून ओळखला जाई. त्याच्या जमिनीसाठी १८५५ मध्ये अमेरिकन काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागला.

या कायद्यातला सगळ्यात मोठा दोष मात्र आणखी मुळाशी आहे. १८४८ मध्ये ओरेगॉन टेरिटरी स्थापन करताना काँग्रेसनेच लिहून ठेवलं होतं की, तहाने संपुष्टात येईपर्यंत तिथल्या मूळ रहिवाशांच्या मालमत्तेच्या हक्कांना बाधा येणार नाही. दोनच वर्षांनी त्याच काँग्रेसने तह न करता ती जमीन वाटायला काढली. तेव्हा ‘त्या काळाचे नियम वेगळे होते, आजच्या मापाने मोजू नका’ हा नेहमीचा बचाव इथे टिकत नाही. मी त्याच काळाचं, त्याच सरकारचं माप लावतो आहे. त्या मापाने १८५३ चे दोन्ही नकाशे दुसऱ्याच्या जमिनीचे होते. डुवामिश लोकांची वस्ती आजच्या पायोनियर स्क्वेअरच्या जागीच होती आणि शहराला ज्यांचं नाव दिलं ते सिॲटल हे डुवामिश आणि सुक्वामिश लोकांचे प्रमुख होते.

आता जमिनीचे व्यवहार पाहू, कारण गावाची खरी घडण त्यातच दिसते. १८५२ मध्ये हेन्री येस्लर वाफेवर चालणारी लाकूड कापायची गिरणी टाकायला जागा शोधत आला. डेनी, बोरेन आणि मेनार्ड यांनी आपापल्या दाव्यांच्या हद्दी सरकवून त्याला पाण्यापासून जंगलापर्यंतची पट्टी मोकळी करून दिली. मेनार्ड तर जो कुणी धंदा टाकील त्याला प्लॉट देऊन टाकत. पुस्तकांत याला औदार्य म्हणतात, आणि मेनार्ड यांच्या स्वभावात ते होतंही. पण गिरणी आली की मजूर येतात, मजूर आले की दुकान येतं आणि उरलेल्या तीनशे एकरांचा भाव चढतो, हा हिशेब सगळ्यांना कळत होता. गावठाणाला लागून असलेली जमीन बिगरशेती होताना भाव कसा उसळतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १८५७ मध्ये मेनार्ड यांनी सिॲटलमधली न विकलेली २६० एकर जमीन चार्ल्स टेरी या दुसऱ्या वसाहतकाराला देऊन त्याच्या बदल्यात अल्कीची ३२० एकर घेतली. एकरांच्या भाषेत सौदा फायद्याचा होता. प्रत्यक्षात शहर टेरीच्या बाजूला वाढलं आणि मेनार्ड यांच्या हाती वाऱ्यावरचा किनारा राहिला. टेरीने त्या २६० एकरांत मेनार्डपेक्षा जास्त घाम गाळला म्हणून ती महाग झाली असं कुणी म्हणेल का? शहर कुठल्या अंगाने वाढलं, एवढाच फरक होता.

रेल्वेच्या वेळी हे उघडच झालं. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचं शेवटचं स्थानक आपल्याकडे यावं म्हणून सिॲटलने १८७३ मध्ये रोख रक्कम आणि बाँड यांच्या जोडीला ७,५०० प्लॉट, ३,००० एकर जमीन आणि बराचसा समुद्रकिनारा देऊ केला. एवढी जमीन देऊनही फायदाच होईल असं वाटायला लावणारी गोष्ट रेल्वे होती, जमीनमालकांची मेहनत नव्हे. कंपनीने टकोमा निवडलं. तरी सिॲटल वाढलं. १८७० मध्ये तिथे १,१०७ माणसं होती, १८८० मध्ये ३,५३३, आणि १८९० मध्ये ४२,८३७. या वीस वर्षांत डेनींच्या जमिनीवर जी किंमत चढली ती या बेचाळीस हजारांनी चढवली. त्यात नॉर्वेहून आलेले होते, चीनहून आलेले होते, गिरणीत ओंडके ओढणारे डुवामिश होते. याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत हेन्री जॉर्ज हा पत्रकार हेच सांगत होता: जमिनीचा भाव समाज चढवतो आणि खिशात घालतो तो मालक. बाकीचे कर काढून फक्त जमिनीच्या भावावर एकच कर घ्यावा, हा त्याचा उपाय सगळ्या जगाने नाकारला असेल, पण त्याचं निदान पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांना जसंच्या तसं लागू होतं.

आर्थर डेनी हे नुसते जमीनमालक नव्हते. ते सिॲटलचे पहिले पोस्टमास्टर, काउंटीचे कमिशनर, टेरिटरीच्या विधिमंडळाचे सदस्य होते. १८६१ ते १८६५ या काळात ते ऑलिम्पियाच्या सरकारी लँड ऑफिसचे रजिस्ट्रार होते आणि १८६५ ते १८६७ वॉशिंग्टन टेरिटरीचे काँग्रेसमधले प्रतिनिधी. वैयक्तिक आयुष्यात ते सचोटीचे, दारूला न शिवणारे, शब्दाला जागणारे म्हणून ओळखले जात, आणि त्यांनी कुणाला फसवल्याचा आरोप मी करत नाही. पण जमीन मागणारा, जमीन मोजणारा, जमिनीचे दस्त नोंदवणारा आणि जमिनीचे कायदे करणारा एकच माणूस असेल तर सचोटीचाही निकाल एकाच बाजूला झुकतो. अशा गावात अन्याय करायला लबाड माणूस लागत नाही.

बायकांचं काय झालं हेही इथे सांगायला हवं, कारण डोनेशन कायद्याने एक विलक्षण गोष्ट केली होती: जोडप्याच्या जमिनीतला अर्धा हिस्सा पत्नीच्या स्वतःच्या नावे. म्हणजे ज्याला आपण आर्थर डेनींची जमीन म्हणतो, त्यातला निम्मा वाटा मेरीचा होता. शहराच्या इतिहासात हे वाक्य क्वचितच भेटतं. मेनार्ड यांच्या बाबतीत तर यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. ते १८५० मध्ये पत्नी लिडियाला आणि दोन मुलांना ओहायोत ठेवून पश्चिमेला आले. १८५२ च्या डिसेंबरात ओरेगॉनच्या विधिमंडळाने ठराव करून त्यांना घटस्फोट दिला. लिडियाला नोटीस नाही, तिचं म्हणणं ऐकणं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांनी कॅथरीन ब्रोशिअर्सशी लग्न केलं. ६४० एकरांपैकी पत्नीचा अर्धा वाटा मग कुणाचा? लँड ऑफिसने तो लिडियालाही दिला नाही आणि कॅथरीनलाही नाही. लिडियाची मुलं कोर्टात गेली. ‘मेनार्ड विरुद्ध हिल’ या खटल्यात १८८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाचा घटस्फोट वैध ठरवला आणि मुलं हरली. तोवर त्या जमिनीवर शहर उभं राहिलेलं होतं. वाढीव किमतीतून ज्यांची नावं सर्वात आधी गळतात ती अशी, दूर राहिलेल्यांची आणि न विचारलेल्यांची.

आणि डुवामिशांची. तहात त्यांना स्वतःच्या भूमीत राखीव प्रदेश मिळाला नाही. सामुद्रधुनीपलीकडे किंवा दुसऱ्या जमातींच्या राखीव प्रदेशांत जा, असं सांगण्यात आलं. बरेच जण गेले नाहीत, कारण काम, मासेमारी, पूर्वजांच्या कबरी, सगळं इथेच होतं. १८६५ मध्ये नव्या नगर मंडळाने आपल्या पाचव्या वटहुकुमाने त्यांना गावात राहायला बंदी केली. सूट फक्त गोऱ्या मालकाकडे कामाला असलेल्यांना, तीही मालकाने दिलेल्या जागेत राहिल्यास. त्यांचे हात हवे होते, त्यांची घरं नको होती. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, सरकारी अधिकारी ब्लॅक नदीजवळ डुवामिशांसाठी छोटा राखीव प्रदेश करण्याच्या बाजूने होते, तेव्हा सिॲटलच्या दीडशेहून अधिक वसाहतकारांनी विरोधाचा अर्ज केला. सह्या करणाऱ्यांत आर्थर डेनी होते, येस्लर होता, डुवामिशांचे मित्र म्हणवणारे डॉक्टर मेनार्डही होते. काँग्रेसमधले प्रतिनिधी डेनीच. राखीव प्रदेश झाला नाही.

डेनी कुटुंबाच्या सगळ्या जमीन व्यवहारांत मला हा अर्ज सर्वात जड वाटतो. यात त्यांनी काही विकत घेतलं नाही, काही विकलं नाही. पण नदीकाठचा तो तुकडा डुवामिशांना मिळाला असता तर त्यांच्या सरकारी मान्यतेचा आजचा सगळा वाद उभाच राहिला नसता. सिॲटल प्रमुखांची मुलगी किकिसोब्लू बंदीला न जुमानता शहरात राहिली. पाण्याजवळच्या एका खोपटात राहून ती गोऱ्यांचे कपडे धुवायची, शिंपले आणि टोपल्या विकायची. शहराने तिला ‘प्रिन्सेस अँजेलिन’ म्हणून पोस्टकार्डांवर छापलं. ३१ मे १८९६ रोजी ती गेली तेव्हा तिच्या बापाच्या नावाच्या शहरात तिच्या नावे जमिनीचा एक तुकडा नव्हता.

माझ्या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे: या कुटुंबांनी जोखीम घेतली होती आणि सगळेच श्रीमंत राहिले नाहीत. डेव्हिड डेनी हे त्याचं ठळक उदाहरण. डेव्हिड आणि लुईझा यांचा दावा उत्तरेला, आजचं सिॲटल सेंटर आणि लेक युनियनच्या अंगाला होता. त्यांनी कबरस्तानासाठी दिलेली जागा पुढे शहराचं पहिलं उद्यान झाली, तिला डेनी पार्क म्हणतात. डेव्हिडने ट्राम कंपन्यांत पैसा गुंतवला आणि १८९३ च्या आर्थिक अरिष्टात घरदारासकट सगळं गमावलं. मला या माणसाबद्दल आदर आहे. पण त्याची दुर्दैवी कहाणी माझा मुद्दा खोडत नाही. त्याच्या हातून गेलेली जमीन पुन्हा समाजाकडे आली नाही, ती सावकारांकडे आणि पुढच्या मालकांकडे गेली. जोखीम घेतली म्हणून नफ्यावर हक्क, हे व्यापाराला लागू असेल. जमीन मुळात फुकट मिळालेली, आणि ती ज्यांची होती त्यांची त्या जोखमीला संमती घेतलेली नव्हती.

आता मला ज्या व्यवहारातून आशा वाटते त्याकडे येतो. १८६१ मध्ये टेरिटरीचं विद्यापीठ सिॲटलला द्यायचं ठरलं, अट एवढीच की गावाने दहा एकर जागा द्यावी. आर्थर आणि मेरी डेनी यांनी टेकडावरची आठ एकरांहून अधिक जमीन दिली, उरलेली चार्ल्स टेरी आणि एडवर्ड लँडर यांनी. विद्यापीठासाठी केंद्राने दोन टाउनशिप, म्हणजे ४६,०८० एकर जमीनही राखून ठेवली होती. इमारत बांधायला पैसा हवा म्हणून विद्यापीठाच्या उभारणीचं काम पाहणारे डॅनियल बॅग्ली यांनी ती एकरी दीड डॉलरने विकायला काढली. पैसा उभा राहिला, नोव्हेंबर १८६१ मध्ये वर्ग सुरू झाले, आणि विकलेलं ते जंगल, त्यातलं उंचच उंच लाकूड, पुढच्या पिढ्यांची किंमत, सगळं कायमचं हातातून गेलं.

टेकडावरचे दहा एकर मात्र राहिले. १८९५ मध्ये विद्यापीठ आजच्या जागी हललं तेव्हा विश्वस्तांना तीही जमीन विकायची होती. शेवटी विक्री बारगळली आणि ती भाडेपट्ट्याने दिली गेली. आज तिला मेट्रोपॉलिटन ट्रॅक्ट म्हणतात. शहराच्या ऐन मध्यात ऑलिंपिक हॉटेल, कॉब बिल्डिंग, रेनियर स्क्वेअरचा मनोरा, हे सगळं विद्यापीठाच्या जमिनीवर उभं आहे आणि भाड्याचे लाखो डॉलर दरवर्षी सार्वजनिक विद्यापीठाला मिळतात. शेजारच्या चौकात, त्याच डेनींच्या त्याच दाव्यातली जमीन, त्याच वर्षांत तेवढीच महाग झाली आणि ती वाढ खाजगी हातात गेली. जमीन एक, कुटुंब एक, शहर एक. एक भाग विकला गेला, एक विकला गेला नाही. यापेक्षा स्पष्ट पुरावा जमिनीच्या इतिहासात मी तरी पाहिलेला नाही.

असं असूनही शहर तेच पुन्हा करतं. लेक युनियनच्या दक्षिणेला मर्सर स्ट्रीटवर शहराच्या मालकीचा मोठा भूखंड होता. भोवती ॲमेझॉनच्या कचेऱ्या उभ्या राहून जमिनीला सोन्याचा भाव आलेला. जागा भाडेपट्ट्याने द्या, मालकी सोडू नका, असं म्हणणारे लोक होते. २०१९ मध्ये शहराने ती एका खाजगी विकासकाला सुमारे १४ कोटी ३५ लाख डॉलरना विकायचं ठरवलं. परवडणाऱ्या घरांसाठी पैसा हवा होता, हे कारण खोटं नव्हतं. बॅग्लींचं कारणही खोटं नव्हतं.

या भागात आज असंख्य मराठी माणसं काम करतात, बेलव्ह्यू-रेडमंडकडे घरं घेतात, गणपती बसवतात. आपण तिथे उशिरा आलेलो आहोत, १८५३ शी आपला संबंध नाही, असं त्यांच्यापैकी कुणाला वाटलं तर ते समजण्यासारखं आहे. पण जमिनीचा भाव चढवणाऱ्या आणि त्या भावाखाली दबलेल्या, अशा दोन्ही गटांत आता तीही आहेत. घराच्या हप्त्याचा मोठा भाग भिंतींसाठी जात नाही, जमिनीसाठी जातो. त्यामुळे सार्वजनिक जमीन विकावी की राखावी या मतदानात त्यांचं मत मोलाचं आहे.

डुवामिश जमातीला केंद्र सरकारची मान्यता आजही नाही. जानेवारी २००१ मध्ये क्लिंटन सरकारच्या अखेरच्या दिवसांत ती मिळाल्यासारखी झाली, त्याच वर्षी बुश सरकारने ती फिरवली, २०१५ मध्ये पुन्हा नकार आला. अनेक डुवामिश वंशज आज मकलशूट, सुक्वामिश आणि इतर जमातींचे नोंदलेले सदस्य आहेत, आणि डुवामिशांच्या वेगळ्या मान्यतेला मकलशूटांचा विरोध आहे. हा गुंता खरा आहे, पण तो तयार झाला तो राखीव प्रदेश नाकारल्यामुळेच. २००९ मध्ये डुवामिशांनी नदीकाठी आपलं लाँगहाउस, म्हणजे जमातीचं पारंपरिक सभागृह, उभारलं, तेव्हा स्वतःच्या पूर्वजांच्या भूमीत त्यांना जागा विकत घ्यावी लागली. २०१७ पासून ‘रिअल रेंट डुवामिश’ या उपक्रमात सिॲटलचे काही रहिवासी स्वखुशीने दरमहा त्यांना भाडं देतात. चांगुलपणा म्हणून हे मोठं आहे. शहराचा हिशेब मात्र नागरिकांच्या चांगुलपणावर सोडता येत नाही.

सुरुवात मेट्रोपॉलिटन ट्रॅक्टपासून व्हावी. ती जमीन सार्वजनिक आहे, तिचं भाडं मोजलेलं आहे, ती कुठल्या दाव्यातून आली हे कागदावर आहे. त्या भाड्याचा ठरावीक हिस्सा डुवामिश वंशजांसाठी, त्यांची नोंद कुठल्या जमातीत आहे हे न पाहता, शिक्षण आणि घरांसाठी राखून ठेवायला केंद्राच्या मान्यतेची वाट पाहावी लागू नये. राज्याच्या विधिमंडळाने ठरवलं तर हे होऊ शकतं. आणि शहराने, काउंटीने, शाळा मंडळाने यापुढे आपली जमीन विकू नये, फक्त भाडेपट्ट्याने द्यावी, असा नियम त्याच अधिवेशनात करावा.